‘खुरपं’च्या शेखबाई

शेखबाई प्रूफ उलटं वाचायच्या. कागद उलटा धरून नव्हे, तर पानाच्या शेवटच्या शब्दापासून सुरुवात करून पहिल्या शब्दाकडे. ओळीखाली स्टीलची पट्टी, अंबाड्यात खोचलेली हिरवी पेन्सिल आणि ओठांची बारीक हालचाल. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी पुटपुटून फुंकर मारणार बहुतेक.

“सरळ वाचलं की मी गोष्टीत अडकते,” त्या म्हणाल्या. “मग चुका दिसत नाहीत, नुसती माणसं दिसतात.”

म्हणून प्रत्येक पान त्या दोनदा वाचायच्या. एकदा माणसांसाठी, एकदा चुकांसाठी. चौसष्ट पानांचा अंक, म्हणजे एकशे अठ्ठावीस पानं वाचून व्हायची, तेव्हा कुठे त्या “आता जाऊ दे छापायला,” म्हणायच्या.

काष्टीत दौंड रस्त्याला माझं कॉम्प्युटर सेंटर आहे. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, वाढदिवसाचे फ्लेक्स, असली कामं. शेखबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. मला त्यांनी शिकवलं नव्हतं, पण माझ्या नवऱ्याला शिकवलं होतं. चाळिशी उलटलेला तो गृहस्थ बाई दुकानात आल्या की अजून खुर्चीवरून उठून उभा राहायचा. बाई पहिल्यांदा माझ्याकडे काम घेऊन आल्या त्या दिवशीही तो उभा राहिला. बाईंनी कापडी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

“सुनंदा, तू लग्नपत्रिका किती दिवसांत करतेस?”

“एका दिवसात.”

“मग मासिक एका महिन्यात होईल,” बाई म्हणाल्या.

त्यांना गावाकडच्या माणसांनी स्वतः लिहिलेलं मासिक काढायचं होतं. शाळेत असताना पालकांच्या चिठ्ठ्या वाचून त्यांना हे सुचलं होतं. मुलगा का आला नाही हे सांगताना माणसं कधी कधी असं लिहून जायची, की बाईंना ती चिठ्ठी फाडवेना. चाळीस वर्षांच्या तसल्या चिठ्ठ्या त्यांनी डब्यात जपल्या होत्या.

मासिकाचं नाव नोंदवायला लागतं. पसंतीच्या क्रमानं पाच नावं लिहून द्यायची, ती दिल्लीला जातात, आणि त्या नावाचं दुसरं कुणी काही काढत असेल तर ते नाव बाद होतं. बाईंनी महिनाभर विचार करून चार नावं काढली. चारही भारदस्त, जोडाक्षरांची. पाचवी ओळ रिकामी दिसायला नको, म्हणून त्यांनी आपल्या यजमानांना विचारलं. त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, आणि सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं.

चाचा ट्यूबचं पंक्चर शोधत होते. मान वर न करता म्हणाले, “खुरपं लिही. ते कोण घेत नाय.”

पहिली चारही नावं बाद झाली. बाई दोन दिवस दुकानाकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाल्या, “बरंच झालं. तण काढायला जोडाक्षरं लागत नाहीत.”

पहिल्या अंकाची जुळवाजुळव करताना मला कळलं, की मासिक म्हणजे एका माणसाचं काम नव्हे, आणि आमच्याकडे तर मोजून तीन माणसं. संपादक शेखबाई. मुद्रितशोधक शेखबाई. पत्रव्यवहार, जाहिराती, वर्गणी शेखबाई. मांडणी आणि अक्षरजुळणी मी. वितरण चाचा. नगरहून छापून आलेले गठ्ठे स्कूटरवर बांधून ते श्रीगोंद्याच्या पोस्टात न्यायचे. सवलतीच्या दरानं अंक पाठवायचा तर ठरलेल्या तारखेलाच टाकावा लागतो. तारीख चुकली की पूर्ण तिकीट. त्या तारखेला चाचा दुकानाला कुलूप लावायचे. “छापताय तुम्ही, वढतोय मी,” असं कुरकुरायचे, पण तारीख त्यांनी एकदाही चुकवली नाही.

कागद, प्लेटा, छपाई, बांधणी, टपाल, असा खर्च होता. त्यात बाईंनी आणखी एक घातला, लेखकाचं मानधन. शंभर रुपये का होईना, पण प्रत्येकाला. नगरचा छापखानेवाला हसला होता. म्हणाला, “बाई, लोक उलट पैसे देऊन छापून घेतात.”

“तुम्हाला मी छपाईचे पैसे देते ना? कागदवाल्याला देते, पोस्टाला देते. मग लिहिणाऱ्यानंच तेवढं फुकट का लिहायचं?”

त्यानं पावतीपुस्तक उघडलं. बाईंचे वडील नगरात पुस्तकबांधणी करायचे, हे त्याला माहीत होतं. त्याचा कागद त्या चिमटीत धरून कानाशी फडफडवायच्या आणि आवाजावरून सांगायच्या, “हा मागच्या वेळेपेक्षा हलका आहे.” हलकाच असायचा.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत.

मिरजगावच्या सोपानराव नावाच्या म्हाताऱ्यांवर एक लेख आला होता. सोपानरावांनी उभं आयुष्य विहिरी खोदल्या. दोरानं आत उतरायचं, कातळात सुरुंग ठासायचे, वात पेटवून वर यायचं, असं त्यांचं काम. त्याच अंकात एका वारलेल्या शिक्षकांवरही लेख होता. त्याच्या शीर्षकाची चौकट मला छान जमली होती. तीच उचलून मी सोपानरावांच्या लेखाला लावली आणि नाव बदललं. नावाआधीचं ‘कै.’ तसंच राहिलं. शीर्षकं मी सगळ्यात शेवटी, बाईंचं दोन्ही वेळचं वाचन झाल्यावर बसवली होती. त्यांना ती दाखवायची राहून गेली.

अंक लोकांच्या घरी पोचल्यावर चौथ्या दिवशी लेखकाचा फोन आला. बाईंनी ऐकून घेतलं. मी अंक उघडून ते ‘कै.’ त्यांना दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, “चप्पल घाल. मिरजगावला जायचंय.”

दोन एस.ट्या बदलून आम्ही पोचलो. दारात सोपानरावांची बायको उभी होती. हातात आमचाच अंक, गुंडाळी केलेला.

“तुमीच का त्या छापनाऱ्या?”

“हो. मीच,” बाई म्हणाल्या.

“माझी नणंद जामखेडाहून रडत आली हो! वेशीपासनं हंबरडा फोडत आली. आन् दार कुनी उघडलं? ह्यांनीच! ती बया चक्कर यिऊन पडली न्हवं का!”

आतून खोकल्यासारखा आवाज आला. सोपानराव हसत होते. बाजेवर बसलेला काटक म्हातारा, एका कानानं ऐकू न येणारा. तो कान सुरुंगानं नेलेला. “तिनं म्हाजं समदं गुन सांगितलं दारातच,” ते म्हणाले. “जित्तेपनी कधी बोलली न्हवती. लई बरं वाटलं.”

पण बायको हसत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते. “ह्यो मानूस हिरीत उतरला की वर येस्तवर माज्या घशाखाली पानी उतरत न्हवतं. चाळीस वरीस तसं काडलं म्या. आन् तुमी एका अक्षरात मारून टाकला. चूक कुनाची हाय ही?”

मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला.

“माझी आहे,” त्या म्हणाल्या. “अंकावर संपादक म्हणून माझं नाव आहे.” आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर त्या सोपानरावांच्या बायकोसमोर बसल्या. सबबी नाहीत, लांबण नाही. “मी तुमची माफी मागायला आलेय. तुम्ही सांगाल ते करते.”

म्हातारीनं हातातली अंकाची गुंडाळी उलगडली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, “मंग समद्यास्नी सांगा, जित्ता हाय म्हून. जेवढ्यांला मेला म्हून कळवलं तेवढ्यांला.”

त्या आठवड्यात आम्ही प्रत्येक वर्गणीदाराला पोस्टकार्ड लिहिलं. पाचशेच्या वर कार्डं होती. बाई, मी, माझा नवरा, चाचा, आणि शाळेतल्या दोन जुन्या शिक्षिका. मजकूर बाईंनी ठरवून दिला होता. मी ‘मुद्रणदोषामुळे’ असा शब्द सुचवला, तो त्यांनी खोडला. “मशीननं काही केलेलं नाही. मशीनवर का ढकलायचं? ‘आमच्या चुकीमुळे’ असं लिही.”

पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ पहिल्यांदाच रंगीत निघालं. एरवी आमचं मुखपृष्ठ एका रंगाचं असायचं, चार रंगांच्या चार प्लेटा परवडत नव्हत्या. त्यावर सोपानराव विहिरीच्या कठड्यावर पाय सोडून बसलेले, फेट्याचा शेमला वाऱ्यावर, आणि शेजारी, फोटो काढणाऱ्याला पुरतं ओळखून असल्यासारखी रोखून बघणारी त्यांची बायको. खाली ओळ होती, ‘सोपानराव, मुक्काम मिरजगाव. तब्येत ठणठणीत.’

मिरजगावहून परतताना एस.टी.त मी रडायला लागले होते. म्हटलं, “बाई, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?”

“तुझं नाव मांडणीपुढे आहे,” बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “मांडणीत काही खोट नव्हती. चौकट अगदी सरळ होती.”

त्यानंतर एकही शीर्षक मी त्यांना दाखवल्याशिवाय बसवलं नाही. त्यांनी तसं कधी सांगितलं मात्र नाही.

बाईंचं एक वेड होतं. लेखातला शब्द बदलायचा तर लिहिणाऱ्याला विचारायचा. फोन लागला नाही तर जाऊन विचारायचा. पुणतांब्याच्या कमलचा लेख आला तेव्हा मला हे समजलं. वहीची फाडलेली सात पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. कमलनं कांद्याचं बी विकत घेतलं होतं. रोप लावलं, खुरपलं, पाणी दिलं, आणि कांदा पोसायच्या ऐवजी शेतभर नुसते डेंगळे आले. फुलाचे दांडे. त्या शेताकडे बघत ती आणि तिची सासू बांधावर बसल्या होत्या, एवढंच त्या लेखात होतं. ना कुणावर आरोप, ना दुकानाचं नाव. बियाच्या पुड्याचा रंग हिरवा होता, इतकं तिनं लिहिलं होतं.

तिचा फोन लागेना. बाई काष्टी स्टेशनवरून पॅसेंजरमध्ये बसल्या, मलाही घेतलं. पुणतांब्याला पोचलो तेव्हा सासूसुना अंगणात कांदा निवडत होत्या, दुसऱ्या रानातला. बाई सरळ जाऊन कांद्याच्या ढिगाशी बसल्या, पिशवीतून पानं काढली आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. वाचता वाचता एका हातानं कांदेही निवडत होत्या. सासू आधी संशयानं बघत होती. बांधावरचा भाग आला तेव्हा तिचे हात थांबले.

“आता सांग,” बाई कमलला म्हणाल्या. “हे ‘हुतं’ ठेवू की ‘होतं’ करू?”

कमल लाजली. “तुमी शिकलेल्या. तुमाला कळतं.”

“लिहिलंयस तू.”

कमलनं थोडा विचार केला. “मंग हुतंच ऱ्हाऊ द्या, बाई. होतं म्हनलं की दुसऱ्याच्या घरातलं वाटतंय.”

बाईंनी पेन्सिल अंबाड्यात खोचली. परतीच्या गाडीत त्या दोनदा तेच म्हणाल्या, “दुसऱ्याच्या घरातलं वाटतंय! ऐकलंस?” इतक्या खूश मी त्यांना क्वचित पाहिलं.

तो लेख छापून आला आणि आठवडाभरात आमच्या मलपृष्ठावर वर्षभर जाहिरात देणारे बियाण्यांचे व्यापारी बाईंच्या घरी आले. योगायोगानं मीही तिथं होते. गृहस्थ सभ्य होते. आवाज चढवला नाही, चहा घेतला, साखर जास्त झाली म्हणून हसले. मग म्हणाले, “बाई, जिल्ह्यात हिरवा पुडा आमचाच आहे. पुढच्या अंकात खाली बारीक अक्षरात एवढंच टाका, की पुडा पिवळा होता. लेखिकेला रंग नीट आठवत नव्हता. झालं. जाहिरात पुढच्या वर्षीही चालू.”

बाईंनी कपबशी खाली ठेवली. “तिच्या शेतात जे उगवलं ते तुम्हाला बदलता येतं का? येत असेल तर सांगा. मी लगेच रंग बदलते.”

“तसं कसं होईल?”

“मग तुमचं म्हणणं तुम्ही लिहून द्या. दोन पानं देते. बियाणं कसं तयार होतं, काय चुकू शकतं, सगळं लिहा. एक शब्द कापणार नाही. मानधनही पाठवीन.”

ते काही लिहिणारे नव्हते. ते उठले, नमस्कार केला, आणि जाहिरात गेली. ती एकटी जाहिरात म्हणजे आमच्या एका फर्म्याचा खर्च होता. मासिक सोळा सोळा पानांच्या फर्म्यांनी छापतात. एखाद-दुसरं पान कमी करून काही वाचत नाही, कापायचा तर अख्खा फर्मा कापायला लागतो. चौसष्टची अठ्ठेचाळीस पानं होणार होती. कुणाची सोळा पानं जाणार, हा प्रश्न होता.

बाई दुपारी माझ्याकडे आल्या. मी पुढच्या अंकाची पानं पडद्यावर उघडून ठेवली होती. त्यांनी शांतपणे बोट ठेवत सांगितलं. आधी संपादकीय गेलं. मग वाचकांना आवडणारं शब्दकोडं, ते त्या स्वतः तयार करायच्या. मग त्यांची लेखमाला. नगरच्या आपल्या लहानपणावर त्या दर महिन्याला लिहीत होत्या, चिकटवायच्या खळीच्या वासाच्या घराबद्दल, बांधणीला आलेली पुस्तकं चोरून वाचणाऱ्या मुलीबद्दल. आमच्याकडे सगळ्यात जास्त पत्रं त्याच पानांसाठी यायची.

“बाई, ही नको,” मी म्हटलं. “लोक वाट बघतात. त्यापेक्षा दोन नवीन लेख पुढे ढकलू.”

“त्या दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलंय. त्यांना ‘पुढच्या महिन्यात’ म्हटलं की ते परत लिहिणार नाहीत. मी लिहीन ना कधीतरी.”

“आणि लोकांनी विचारलं तर?”

“सांग, जागा नव्हती. खोटं नाही ते.”

ती लेखमाला परत सुरू झाली नाही. एकदा माझ्याच आग्रहानं त्या लिहायला बसल्या, तर बोलावून म्हणाल्या, “सुनंदा, धागा तुटला बघ. ती मुलगी आता माझ्याशी बोलत नाही.” हसून बोलल्या, पण नंतर बराच वेळ पट्टी पुसत बसल्या. बाईंना या मासिकापायी काय द्यावं लागलं, असं मला कुणी विचारलं तर मी पैशाचं काही सांगत नाही. ही गोष्ट सांगते.

चाचा गेले त्या वर्षी बाईंचे डोळेही बिघडले. पानाच्या मधोमध एक करडा डाग दिसायला लागला. ज्या शब्दाकडे बघावं तोच नाहीसा व्हायचा. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की दृष्टी सगळी जाणार नाही, कडेकडेनं दिसत राहील, पण वाचन आता जवळपास संपलं. बाईंनी डॉक्टरांना एकच विचारलं, “किती अंक निघतील?” डॉक्टरांना प्रश्न कळलाच नाही.

तीन अंक निघाले. तिसऱ्या अंकाच्या वेळी बाईंनी कमलला बोलावून घेतलं. मधल्या वर्षांत कमलनं ‘खुरपं’मध्ये पुष्कळ लिहिलं होतं, गोदाकाठच्या पाच-सहा गावांतल्या बायकांना लिहायला लावलं होतं. बाई तिला म्हणाल्या, “पुढच्या अंकापासून संपादक तू.”

कमल घाबरली. “बाई, मी धावी पास. मला ऱ्हस्व-दीर्घ कळत न्हाई.”

“ते सुनंदाला कळतं. तुला दुसऱ्याच्या घरातलं कुठलं आणि आपल्यातलं कुठलं ते कळतं. ते शिकवता येत नाही. मी शाळेत आयुष्यभर बघितलंय.”

मग बाईंची मुलगी त्यांना नगरला सावेडीत आपल्याकडे घेऊन गेली. ‘खुरपं’ चालू आहे. अठ्ठेचाळीस पानं, एकरंगी मुखपृष्ठ. कमलच्या पहिल्या अंकावरून तिला शिव्या देणारी चार पत्रं आली, ती तिनं चारही छापली.

मागच्या हिवाळ्यात प्लेटांच्या कामाला मी नगरला गेले होते. वाटेत बाईंकडे डोकावले. दुसऱ्या मजल्यावरचं घर, गॅलरीत ऊन. बाई बारीक झाल्या होत्या, पण अंबाडा तसाच, पेन्सिल तशीच. कमलचं कसं चाललंय, कागदाचा भाव काय, सगळं विचारून झालं. मी निघायला उठले तेव्हा त्या जरा अडखळल्या. मग आत गेल्या आणि कागदांचा एक जाडजूड गठ्ठा घेऊन आल्या. मला वाटलं, मोठंच काहीतरी लिहिलंय. बघितलं तर प्रत्येक कागदावर वर पानाचा मोठा आकडा आणि खाली जाड मार्करनं काढलेल्या चार-पाच ओळी. अक्षर बोटभर उंच, ओळी तिरक्या, कुठे एकमेकींवर चढलेल्या. सगळं टाइप केलं असतं तर दीड पान झालं असतं. दिसेनासं झाल्यावर माणसाला चहाचं पातेलं, शेजारीण, स्वतःचा हात कसा सापडतो, याबद्दल होतं ते.

“कमलला दे,” त्या म्हणाल्या. आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता तसा होता, घाबरट. कितीतरी नवीन लेखक माझ्या दुकानात त्या आवाजात बोललेले आहेत. “माझं आहे म्हणून घेऊ नका हं. बसत असेल तरच. आणि नसेल बसत तर परत पाठव म्हणावं, पण का नाही ते लिहून पाठव.”

“बाई, तुमचं आणि परत?”

“का? संपादक ती आहे.”

त्या मला पोचवायला जिन्यापर्यंत आल्या. मी खालच्या वळणावरून वर बघितलं. त्या कठड्याला धरून उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड भलतीकडेच, शेजारच्या दाराकडे वळलेलं होतं. क्षणभर मला वाईट वाटलं, की मी कुठे आहे हे त्यांना कळलेलं नाही. मग लक्षात आलं, डाग मधोमध असतो, त्यांना कडेनंच दिसतं. मला नीट बघता यावं म्हणून त्यांनी मान तशी फिरवली होती.

“गठ्ठा उलटा धरलायस,” त्या वरून म्हणाल्या. “पानांचे आकडे खाली गेलेत.”

मी तो सरळ केला.